विश्लेषण : चेहऱ्याच्या ठेवणीवरून पुरुषाचा स्वभाव कळतो का? इरावती कर्वे यांना १४९ कवट्या मोजून काय आढळले होते?

नागपूरहून वर्ध्याकडे जाताना सेलू तालुक्यात केळझर लागते. टेकडीवरचा इथला सिद्धिविनायक विदर्भातील अष्टविनायकांपैकी एक मानला जातो. गावाची दुसरी ओळख महाभारतातली आहे. पांडवांनी वेश बदलून जिथे दिवस काढले ती एकचक्रानगरी म्हणजे हेच केळझर, अशी इथली श्रद्धा. गाडाभर अन्न आणि सोबत एक माणूस रोज मागणाऱ्या बकासुराला भीमाने इथेच मारले, असे सांगतात. (जळगाव जिल्ह्यातील एरंडोलही हाच मान सांगते आणि उत्तर भारतातही दावेदार आहेत. तो वाद इथे नको.)

कॅलेंडरवरचा किंवा टीव्ही मालिकेतला बकासुर आठवून पाहा. रुंद जबडा, जाड भुवया, फेंदारलेले नाक. त्याने काही करण्याआधीच तो कसा आहे हे चेहऱ्यानेच सांगून टाकलेले असते. मोबाइलवरच्या रील्स आज हेच काम आकड्यांत करतात. गालाच्या हाडांमधली रुंदी घ्या, तिला चेहऱ्याच्या उंचीने भागा. आकडा मोठा आला तर टेस्टोस्टेरॉन जास्त आणि टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणजे माणूस आक्रमक, नेतृत्व करणारा, 'अल्फा'. आकडा लहान आला तर पुढच्याच रीलमध्ये पावडरीची जाहिरात असते.

हाडांची मापे घेऊन माणसाची आतली कुवत सांगता येते, हा दावा नवा नाही. जवळपास १०० वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये तो एका मराठी विद्यार्थिनीच्या हातात तपासायला आला होता. 'युगान्त'च्या लेखिका म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो, त्या इरावती कर्वे यांचे हे फारसे न सांगितले गेलेले प्रकरण.

नदीचे नाव, पुण्याचे शिक्षण

इरावतींचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, म्यिंज्यान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले गेले. सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेत पाठवण्यात आले. पुढे रँग्लर परांजपे यांच्या घरी त्या घरच्या मुलीसारख्या राहिल्या. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव आणि रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. संततिनियमनाचे प्रचारक आणि 'समाजस्वास्थ्य'चे संपादक र. धों. कर्वे हे त्यांचे थोरले दीर. थोडक्यात, शरीराविषयी मोकळेपणाने आणि शास्त्राच्या भाषेत बोलणारी माणसे त्यांच्या घरातच होती.

मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९२८ मध्ये एम.ए. केले. प्रबंधाचा विषय होता चित्पावन ब्राह्मण. हा काळ समजून घ्यायचा तर एका नाकाची गोष्ट सांगावी लागते.

१९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी भारतीयांची नाके मोजण्याचा मोठा उद्योग केला होता. नाकाची रुंदी भागिले उंची गुणिले १००, हा त्यांचा 'नासिका निर्देशांक'. जात जितकी वरची तितके नाक अरुंद, असे त्यांचे म्हणणे होते. जातीची उतरंड ही वंशाची उतरंड आहे आणि ती हाडामांसात कोरलेली आहे, असा त्याचा सरळ अर्थ होतो. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकात हे गणित उत्तर भारताच्या काही भागाबाहेर टिकत नाही, हे आकडे मांडून दाखवले. त्याच आकडेवारीचा आधार घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळे वंश नाहीत, असे प्रतिपादन केले. नाकाच्या मापाचा प्रश्न त्या वेळी केवळ नाकापुरता नव्हता. कोणाला माणूस म्हणून किती मोजायचे, हेच त्यावरून ठरवले जात होते.

कर्ज काढून बर्लिन

दिनकर कर्वे यांनी स्वतः जर्मनीत डॉक्टरेट केली होती. पत्नीनेही तिथे जावे, हा त्यांचा आग्रह. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या अण्णा कर्व्यांना मात्र सुनेला इतक्या दूर पाठवणे पटले नव्हते. ही विसंगती आज वाचताना खटकते, पण तशी ती होती. पैशांची सोय जीवराज मेहता यांच्याकडून घेतलेल्या कर्जातून झाली. हे मेहता म्हणजे गांधीजींचे डॉक्टर आणि पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. नोव्हेंबर १९२८ मध्ये इरावतींचा जर्मनीतला मुक्काम सुरू झाला.

बर्लिनच्या डालेम भागातील ज्या संस्थेत त्या दाखल झाल्या, तिचे नावच पुरेसे बोलके आहे : मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांची कैसर विल्हेल्म संस्था. संस्था १९२७ मध्येच सुरू झाली होती. संचालक ऑयगेन फिशर हे त्या काळातले या विषयातले मोठे नाव. जर्मनीच्या ताब्यातील नैऋत्य आफ्रिकेत, आजच्या नामिबियात, गोरे आणि स्थानिक यांच्या संकरातून जन्मलेल्या रेहोबोथ समाजाचा अभ्यास करून त्यांनी नाव कमावले होते. वंशांमध्ये उच्चनीच असते आणि ते शरीरावर मोजता येते, ही त्यांची धारणा होती.

फिशर यांनी इरावतींना दिलेला विषय कवटीच्या असमानतेचा होता. कोणत्याही माणसाचा चेहरा मधोमध रेघ मारून दुमडला तर दोन्ही बाजू तंतोतंत जुळत नाहीत. एक भुवई जरा वर असते, एक गाल किंचित भरलेला. कवटीचेही तसेच. फिशर यांचा तर्क असा की, गोऱ्या युरोपीयांच्या मेंदूचा उजवीकडचा पुढचा भाग मोठा असतो, त्याला जागा करून देण्यासाठी त्यांची कवटी अधिक असमान होते आणि तर्कबुद्धीतल्या त्यांच्या श्रेष्ठत्वाची ती खूण आहे. हे सिद्ध करायचे तर युरोपीय आणि बिगरयुरोपीय कवट्या मोजून दोन्ही गटांत फरक दाखवायला हवा.

कवट्यांची टंचाई नव्हती. बर्लिनच्या संग्रहांमध्ये त्या हजारोंनी होत्या. त्यातल्या कित्येक आफ्रिकेतील वसाहतींमधून, मृतांच्या नातेवाइकांना न विचारता आणलेल्या. इरावतींनी १४९ कवट्या मोजल्या.

फरक सापडला नाही. असमानता सगळ्यांतच होती, पण तिचा वंशाशी संबंध दिसत नव्हता.

आकड्यांशी काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते की, काहीच न सापडणे हा सर्वांत गैरसोयीचा निकाल असतो. मोजमापात चूक झाली असेल, नमुना लहान असेल, अजून थोड्या कवट्या घ्या, दोन वेगळ्या मापांचे गुणोत्तर काढून पाहा, अशा शंभर पळवाटा असतात. इथे तर ज्यांचा तर्क खोटा ठरत होता, तेच मार्गदर्शक होते. विद्यार्थिनी गुलाम देशातली, भाषा परकी, डोक्यावर कर्ज आणि पदवी न मिळता परतणे म्हणजे घरातला विरोध बरोबर होता असे कबूल करणे. त्या वेळच्या जर्मनीत वंशशास्त्राला विरोध करणारे आवाजही फार नव्हते. इरावतींनी मापे जे सांगत होती तेच प्रबंधात लिहिले.

ऊर्मिला देशपांडे (या इरावतींच्या नात) आणि थिआगो पिंटो बार्बोसा यांनी लिहिलेल्या चरित्रातून हे प्रकरण अलीकडे पुन्हा चर्चेत आले. फिशर यांनी प्रबंधाला उत्तीर्ण होण्यापुरती सर्वांत खालची श्रेणी दिली, असे त्यांनी नोंदवले आहे. पदवी मात्र मिळाली. १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन इरावती भारतात परतल्या.

पोलिसांचे मूत्र आणि पुरुषी संप्रेरक

इरावती कवट्या मोजत होत्या तेव्हा टेस्टोस्टेरॉनला नावही मिळालेले नव्हते. त्या परतल्यानंतर वर्षभरातच, १९३१ मध्ये, अडोल्फ बुटेनांट या तरुण रसायनशास्त्रज्ञाने पहिले पुरुषी संप्रेरक शुद्ध रूपात वेगळे केले. त्यासाठी हजारो लिटर मूत्र लागले आणि ते गोळा केले बर्लिनच्याच पोलिसांकडून! इतका खटाटोप करून हाती आले ते काही मिलिग्रॅम. टेस्टोस्टेरॉन हे मुख्य संप्रेरक १९३५ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये बैलाच्या वृषणांतून वेगळे काढण्यात आले आणि त्याच वर्षी ते प्रयोगशाळेत तयारही झाले. १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल बुटेनांट आणि लेओपोल्ड रुझिका यांना विभागून मिळाले.

संप्रेरकाचा आणि चेहऱ्याचा संबंध आहेच. वयात येताना मुलांमध्ये टेस्टोस्टेरॉन वाढते, आवाज फुटतो, दाढी येते, खालचा जबडा मोठा होतो, भुवयांवरचा हाडाचा कंगोरा ठळक होतो. सरासरी पुरुषाचा आणि सरासरी स्त्रीचा चेहरा वेगळा दिसतो, यात त्याचा मोठा वाटा आहे. घोटाळा होतो तो पुढच्या पायरीवर. पुरुष आणि स्त्री यांच्यात फरक आहे, म्हणून दोन पुरुषांमध्ये ज्याचा चेहरा रुंद त्याच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन जास्त, असे म्हणणे ही उडी आहे.

ही उडी २००७ नंतर जोरात घेतली गेली. त्या वर्षी दक्षिण आफ्रिका भागातील कवट्यांच्या अभ्यासावरून (पुन्हा कवट्याच) चेहऱ्याची रुंदी आणि उंची यांचे गुणोत्तर स्त्री-पुरुषांत वेगळे असते, असे मांडण्यात आले. २००८ मध्ये कॅनडातील संशोधकांनी आइस हॉकीच्या खेळाडूंचे फोटो मोजले. रुंद चेहऱ्याचे खेळाडू धसमुसळेपणासाठी जास्त वेळ मैदानाबाहेर बसवले जातात, असे त्यांना दिसले. २०१३ मध्ये टेस्टोस्टेरॉनशी थेट संबंध सापडल्याचा निष्कर्षही आला. रील्समधले 'शास्त्र' मुख्यतः याच काळातले आहे.

त्यानंतरचे फारसे कोणी सांगत नाही. स्त्री-पुरुषांत या गुणोत्तराचा ठोस फरकच दिसत नाही, असे इतर नमुन्यांत आढळले. २०१६ मध्ये वेगवेगळ्या गटांची आकडेवारी एकत्र करून पाहिली तेव्हा या गुणोत्तराचा पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनशी लक्षणीय संबंध उरला नाही. २०१७ मध्ये मिखाल कोसिन्स्की यांनी १ लाख ३७ हजारांहून अधिक लोकांचे चेहरे आणि त्यांनी स्वतःच्या स्वभावाविषयी दिलेली उत्तरे ताडून पाहिली. चेहऱ्याच्या रुंदीवरून वागणुकीचा अंदाज येत नव्हता. एक गोष्ट मात्र अनेक अभ्यासांत टिकली : रुंद चेहऱ्याचा पुरुष पाहिला की, बघणारे त्याला आक्रमक समजतात. बकासुराचा चित्रकार नेमके हेच जाणत असतो.

शिवाय फोटोतले माप फसवे असते. वजन वाढले की गुणोत्तर वाढते, हनुवटी थोडी वर-खाली केली तरी बदलते, सेल्फी जवळून काढली की नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. टेस्टोस्टेरॉन किती आहे हे सकाळी घेतलेल्या रक्ताच्या तपासणीतूनच कळते. दिवसभरात ते बदलत असल्याने कमी आल्यास डॉक्टर तपासणी पुन्हा करायला सांगतात. जबड्यासाठी म्हणून बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या तरुणांनी आणखी एक माहिती ठेवावी : त्याने शरीराची स्वतःची निर्मिती मंदावते आणि शुक्राणू कमी होतात. ज्या 'पुरुषत्वा'साठी हा खर्च, तेच धोक्यात येऊ शकते.

मोजपट्टी मात्र सुटली नाही

बर्लिनच्या प्रकरणामुळे इरावतींना वंशवादाविरुद्ध लढणारी वीरांगना करून टाकण्याचा मोह होतो. प्रत्यक्ष चित्र इतके सरळ नाही. परतल्यावर १९३१ ते १९३६ त्यांनी महिला विद्यापीठात प्रशासनाचे काम केले, १९३९ मध्ये त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिल्या. इथे त्यांनी पुन्हा मोजपट्टी हातात घेतली. महाराष्ट्रातील जातीजमातींची डोकी, नाके, उंची मोजली. मराठ्यांच्या शरीरमापांवर १९४८ मध्ये आणि अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्यासह संपूर्ण महाराष्ट्राच्या मापांवर १९५१ मध्ये त्यांचे ग्रंथ आले. जर्मनीत शिकलेली पद्धत, जर्मनीतली बरीचशी परिभाषा त्यांच्या कामात राहिली. जातींना शरीराच्या मापांनी वेगळे करू पाहणे हेच मुळात रिस्लेच्या वाटेने जाणे नव्हे काय, अशी टीका नंतरच्या अभ्यासकांनी केली आहे आणि ती गैर म्हणता येत नाही.

तरीही त्या मापांतून त्यांनी काढलेला निष्कर्ष रिस्लेच्या उलट दिशेला जातो. कुंभार, सुतार, ब्राह्मण अशी एक नावाची जात म्हणजे एका मुळाच्या फांद्या नव्हेत. एकच धंदा करणारे, पण आपापसात लग्न न करणारे आणि वेगवेगळ्या मुळांचे गट एका नावाखाली जमले आहेत, असे त्यांनी मांडले. कै. चं. मल्होत्रा यांच्यासह १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात महाराष्ट्रातील सारख्या दर्जाच्या आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना होती आणि त्या एकमेकींहून वेगळ्या निघाल्या. सामाजिक दर्जा सारखा म्हणून शरीरेही सारखी, हे जुळत नव्हते.

या काळातले त्यांचे इतर काम एका परिच्छेदात मावणारे नाही. भारतातील नातेसंबंधांवरचा १९५३ चा ग्रंथ, ह. धी. सांकलियांसोबत गुजरातेतील लांघणज येथे केलेले उत्खनन, कोयना धरणग्रस्तांची पाहणी, वारीत चालून लिहिलेला लेख, 'परिपूर्ती' आणि 'भोवरा'मधले ललित लेखन. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक, ही आठवण तर अजून सांगितली जाते.

१९६७ मध्ये 'युगान्त' आले आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. केळझरच्या टेकडीवर सांगितले जाणारे महाभारत आणि इरावतींचे महाभारत यांत मोठे अंतर आहे. त्यांच्या लेखी त्यात देव आणि असुर नाहीत. चुका करणारी, हट्टी, पस्तावणारी माणसे आहेत आणि ती कशी आहेत हे त्यांच्या वागण्यावरून ठरते. एकचक्रानगरीची कथा त्या नजरेने पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते : पांडव तिथे ब्राह्मणवेशात भिक्षा मागून राहिले आणि गावाला ते कोण आहेत हे कळले नाही. भीमाच्या अंगाकडे पाहूनही नाही.

इरावती कर्वे यांचे निधन ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात झाले.

डालेमच्या त्या संस्थेचे काय झाले?

नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. आनुवंशिक 'दोषां'च्या नावाखाली सक्तीची नसबंदी करणाऱ्या कायद्याला त्यांच्या संस्थेने तज्ज्ञ पुरवले. ऱ्हाइनलँडमधील आफ्रिकी सैनिकांच्या संततीची १९३७ मध्ये गुपचूप नसबंदी झाली, त्यातही संस्थेतील लोक सामील होते. फिशर यांच्यानंतर १९४२ मध्ये ओटमार फॉन फेर्शुअर संचालक झाले. त्यांचा शिष्य योझेफ मेंगेले आउशवित्झच्या छळछावणीतून मृतांचे अवयव तपासणीसाठी या संस्थेत पाठवत असे. फिशर यांच्यावर युद्धानंतर कोणतीही मोठी कारवाई झाली नाही. ते १९६७ मध्ये, 'युगान्त' प्रसिद्ध झाले त्याच वर्षी वारले.

संस्थेची इमारत आता बर्लिनच्या मुक्त विद्यापीठाकडे आहे. २०१४ मध्ये जवळच खोदकाम सुरू असताना जमिनीत मानवी हाडे सापडली. पुढच्या उत्खननांत तुकड्यांची संख्या सुमारे १६ हजारांवर गेली. काही वसाहतींतून आलेली असावीत, काही नाझी काळातील बळींची, असा अंदाज होता. ज्या समाजांचे लोक त्यात असू शकतात त्यांच्या प्रतिनिधींशी बोलून विद्यापीठाने ठरवले की, आणखी चाचण्या करून ही हाडे कोणत्या वंशाची हे शोधायचे नाही. मार्च २०२३ मध्ये डालेमच्या दफनभूमीत ती सगळी हाडे एकत्र पुरण्यात आली.